पाच जणांचा एक प्लॅन: चार वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

माझा, माझ्या पतींचा, सासूबाईंचा, मुलीचा आणि मुलाचा असे आमच्या घरातील पाचही मोबाइल क्रमांक गेली चार वर्षे एकाच पोस्टपेड फॅमिली प्लॅनवर आहेत. कराराची मुदत या महिनाअखेरीस संपत असल्यामुळे तो पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ठरवण्यासाठी मी चार वर्षांची सगळी बिले काढून बसले आणि त्या निमित्ताने हे परीक्षण लिहिते आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्लॅनची नावे आणि दर दर काही महिन्यांनी बदलतात, पण त्यांची रचना आणि त्यांतल्या अटी बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात. माझे मत आधीच सांगते. ज्या घरात एक माणूस दिवसभर नेट वापरतो आणि दुसरा फक्त फोन घेतो, त्या घरासाठी सामायिक डेटाचा प्लॅन खरोखर स्वस्त पडतो; मात्र सही करण्यापूर्वी दोन-तीन अटी नीट वाचल्या नाहीत, तर मिळालेली बचत नंतर मनस्तापात जाते.

हा प्लॅन घेण्याआधी आमचे पाच वेगवेगळे रिचार्ज होते. प्रत्येकाची तारीख निराळी, त्यामुळे दर आठवड्याला कोणाची ना कोणाची व्हॅलिडिटी संपत असे. त्यातही २८ दिवसांच्या पॅकला आपण सहज ‘महिन्याचा पॅक’ म्हणतो आणि तिथेच हिशेब चुकतो. २८ दिवसांचे १२ पॅक घेतले तर ३३६ दिवसच भरतात. वर्ष पूर्ण करायला तेरावा पॅक घ्यावा लागतो आणि तरीही एक दिवस उरतोच. ८४ दिवसांच्या पॅकचेही तसेच आहे, चार पॅकांनंतर २९ दिवस उघडे पडतात. त्यामुळे दोन प्लॅनची तुलना करताना छापलेला दर कधीच शेजारीशेजारी ठेवू नये. दराला दिवसांनी भागून एका दिवसाचा खर्च काढावा, त्याला ३६५ ने गुणावे आणि मग वर्षाचे आकडे समोरासमोर मांडावेत. आम्ही हे प्रथम केले तेव्हा जो पॅक सर्वांत स्वस्त वाटत होता तो तिसऱ्या क्रमांकावर गेला.

दर पाहण्याआधी वापर मोजणे मात्र अधिक महत्त्वाचे होते. एका रविवारी पाचही फोन टेबलावर ओळीने ठेवले आणि प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल डेटाचा आकडा वहीत उतरवला. अँड्रॉइड फोनमध्ये महिन्याचे चक्र ठरवता येते, त्यामुळे मागच्या महिन्यांचे आकडेही दिसतात. मुलीच्या आयफोनवर आकडा अवाढव्य दिसला, तेव्हा ती चांगलीच ओशाळली. नंतर लक्षात आले की आयफोनमधील ‘चालू कालावधी’ आपोआप शून्यावर येत नाही, तो हाताने रीसेट करावा लागतो आणि तो आकडा फोन घेतल्यापासूनचा होता. मग तिच्यासाठी एक महिना थांबून नव्याने मोजले. शेवटी जे हाती आले ते असे होते: मुलाचा महिन्याचा वापर ३४ जीबी, मुलीचा १७, पतींचा ९, माझा ६ आणि सासूबाईंचा जेमतेम ३०० एमबी. सगळे मिळून सुमारे ६६ जीबी. आणि आम्ही विकत काय घेत होतो, तर प्रत्येकी रोज दीड जीबी, म्हणजे २८ दिवसांना ४२ जीबी आणि पाच जणांचे २१० जीबी. एक तृतीयांशही वापर नव्हता आणि तरीही दर शनिवारी-रविवारी मुलगा “नेट संपलं” म्हणून वरचा डेटा टाकायला लावत असे.

त्याचे कारण रोजच्या मर्यादेत आहे. रोज दीड जीबीच्या पॅकमध्ये मध्यरात्री उरलेला डेटा बाद होतो. मुलगा आठवड्याच्या दिवसांत जीबीभरसुद्धा वापरत नव्हता आणि सुट्टीच्या दिवशी त्याला तीन जीबी लागत होते. मोठ्या पडद्यावर शोभेल अशा स्पष्टतेने चित्रपट पाहिला तर तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जाऊ शकतो, तोच साध्या स्पष्टतेने पाहिला तर एक जीबीच्या आत भागतो. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर हा फरक डोळ्यांना फारसा जाणवतही नाही. ज्याचा वापर रोज सारखा आहे त्याला रोजची मर्यादा चालते. ज्याचा वापर चढउताराचा आहे त्याने महिन्याचा एकत्रित साठा असलेला प्लॅनच पाहावा.

त्या वहीकडे पाहताना सासूबाई म्हणाल्या, “अगं, माझ्या फोनला कशाला एवढं नेट? मला आलेला फोन घेता आला की झालं.” मला वाटते, आमच्या निवडीला खरी दिशा या वाक्याने दिली. बहुतेक जण घरातील सर्वांत जास्त वापर करणाऱ्या माणसाकडे पाहून प्लॅन निवडतात आणि मग तोच प्लॅन सगळ्यांना लावतात. आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. सर्वांत कमी वापर करणाऱ्या माणसासाठी आपण काय मोजतो आहोत, हा पहिला प्रश्न ठेवला. जिथे प्रत्येक जोडलेल्या क्रमांकाला सारखाच दर आणि सारखाच डेटा होता, ते प्लॅन तिथेच बाजूला पडले. जिथे मुख्य क्रमांकाला पूर्ण दर, पुढच्या क्रमांकांना अल्प दर आणि डेटाचा साठा सर्वांचा मिळून एक, असे दोनच प्लॅन उरले. त्यांपैकी ८० जीबीचा साठा असलेला आम्ही घेतला. न वापरलेला डेटा एका महिन्यापुरता पुढे जातो, ही सोय सुट्टीच्या महिन्यांत फार उपयोगी पडली.

या रचनेचा दोष पहिल्याच परीक्षेच्या हंगामात कळला. साठा सर्वांचा, म्हणून तो संपला की सर्वांचाच संपतो. मुलाचे ऑनलाइन वर्ग चालू होते, वाय-फाय दोन दिवस बंद होते आणि त्याने लॅपटॉपला हॉटस्पॉट दिला. २४ तारखेला साठा संपला. पती त्या वेळी बाहेरगावी होते आणि त्यांना सासूबाईंच्या औषधाच्या चिठ्ठीचा फोटो पाठवायचा होता. प्लॅनच्या जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ लिहिलेले होते आणि ते शब्दशः खरेही होते, नेट बंद झाले नव्हते. पण साठा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो, हे बारीक अक्षरांत लिहिलेले आम्ही वाचले नव्हते. त्याचा अर्थ काय होतो, तो एकदा हिशेबाने पाहावा. वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल बाइटमध्ये मोजतात, एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला फक्त ८ किलोबाइट. ३ एमबीचा फोटो जायला ३७५ सेकंद, म्हणजे सहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो, तोही मध्ये एकदाही रेंज गेली नाही तर. त्यांचा फोटो तीन वेळा अर्ध्यात अडकला आणि शेवटी त्यांनी औषधांची नावे फोनवर अक्षर अक्षर सांगितली. हाच वेग १ एमबीपीएस ठेवणारा प्लॅन असता, तर तोच फोटो २४ सेकंदांत गेला असता. म्हणून साठा किती, या प्रश्नाइतकाच साठा संपल्यानंतरचा वेग किती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो दुकानात विचारावाच.

यावर उपाय त्याच प्लॅनमध्ये होता. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक क्रमांकाला स्वतंत्र मर्यादा लावता येते. मुलाला ४० जीबी, मुलीला २०, बाकीच्यांसाठी उरलेला साठा मोकळा, असे आम्ही ठरवले आणि नंतरच्या साडेतीन वर्षांत साठा एकदाही पूर्ण संपला नाही. माझी तक्रार इतकीच की ही मर्यादा सुरुवातीला बंद असते आणि ती असते हे कोणी सांगत नाही. ज्या प्लॅनमध्ये अशी मर्यादा लावण्याची सोयच नाही, तो मोठी मुले असलेल्या घराने घेऊ नये.

रेंजच्या बाबतीत मी थोडी विस्ताराने लिहिते, कारण पाच क्रमांक एकाच कंपनीकडे नेणे म्हणजे पाच जणांची रेंज एकाच ठिकाणी बांधणे होय. पूर्वी आमच्याकडे दोन कंपन्यांची सिमे होती, एकीचे नेटवर्क गेले तर दुसरी असे. आता तसा आधार राहत नाही. कमी फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतून तुलनेने चांगल्या आत येतात. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झसारख्या जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी डेटा भरपूर वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला कमी असतो आणि जाड भिंतीपाशी त्या क्षीण होतात. त्यामुळे कंपनीच्या नकाशावर आपला भाग रंगवलेला दिसला, तरी मागच्या खोलीत फोन लागेलच असे नाही. आम्ही करार करण्यापूर्वी त्या कंपनीचे एक साधे प्रीपेड सिम महिनाभरासाठी घेतले आणि ते घरात प्रत्येक खोलीत, मुलीच्या वसतिगृहात आणि पतींच्या कार्यालयात वापरून पाहिले. ई-सिम, म्हणजे वेगळे कार्ड न घालता चालू होणारे सिम, चालणारा फोन असेल तर ही चाचणी आणखी सोपी होते, कारण मूळ सिम न काढता दुसरे नेटवर्क त्याच फोनवर पाहता येते. सासूबाईंच्या खोलीत दोन वेळा फोन लागला नाही, म्हणून वाय-फायवरून कॉल करण्याची सोय या प्लॅनमध्ये जादा पैसे न घेता मिळते का, हे आधी विचारून घेतले. ती मिळते आणि आता त्या खोलीत अडचण येत नाही.

स्वतःचे टॉवर नसलेल्या आणि दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क भाड्याने घेऊन सेवा विकणाऱ्या कंपन्यांचाही विचार करावा. ब्रिटनमध्ये १९९९ साली व्हर्जिन मोबाइलने अशी सेवा सुरू केली आणि नंतर अनेक देशांत तो प्रकार रुजला. त्यांचे दर बहुधा कमी असतात आणि रेंज मूळ कंपनीचीच असते. मात्र गर्दीच्या वेळी मूळ कंपनी स्वतःच्या ग्राहकांना अग्रक्रम देऊ शकते, तेव्हा संध्याकाळी वेग किती मिळतो हे तपासूनच ठरवावे.

सासूबाईंचा जुना फोन हा आमच्या निवडीतील सर्वांत अनपेक्षित अडथळा ठरला. प्लॅन सुरू झाल्यावर आठवडाभर त्यांना फोन केला की ‘आपण संपर्क करत असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे’ असे ऐकू येई आणि त्या तर घरात माझ्यासमोर बसलेल्या असत. फोनच्या पट्टीवर रेंजच्या काड्याही दिसत नव्हत्या. फोरजीचे तंत्र मुळात डेटासाठी घडवलेले आहे, त्यात पूर्वीसारखी आवाजाची वेगळी वाट नाही. म्हणून फोरजीवर कॉल करायचा तर फोनमध्ये व्होएलटीई, म्हणजे आवाजही डेटासारखाच पाठवण्याचे तंत्र, लागते आणि ते नसेल तर फोन कॉलसाठी टूजी किंवा थ्रीजीवर उतरतो. जुनी नेटवर्क जशी बंद होत जातात, तशी ही उतरण्याची जागाच नाहीशी होते. अमेरिकेतील तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ सालात थ्रीजी बंद केले, तेव्हा तिथे असे कितीतरी जुने फोन कॉलसाठी निरुपयोगी झाले. आम्ही सासूबाईंना व्होएलटीई असलेला बटणांचाच फोन घेऊन दिला. तो त्यांना लगेच जमला, कारण आकड्यांची जागा तीच होती. तीन-चार वर्षांसाठी प्लॅन घेताना घरातील सर्वांत जुना फोन त्या मुदतीत चालेल का, हे दुकानात सिम घालून, प्रत्यक्ष कॉल लावून बघावे.

आता पैशाचा हिशेब. दर ठिकठिकाणी वेगळे असतात, म्हणून प्रमाणात सांगते. आमच्या पाच स्वतंत्र रिचार्जचा वर्षाचा खर्च १०० मानला, तर फॅमिली प्लॅनचा पहिल्या वर्षाचा खर्च ५८ आला. दुसऱ्या वर्षी सुरुवातीची सवलत संपली आणि तो ७१ झाला. तिसऱ्या वर्षी दरवाढ होऊन ७६ झाला आणि चौथ्या वर्षी तेवढाच राहिला. चार वर्षांची सरासरी सत्तरच्या आसपास पडते. ही बचत खरीच आहे, पण जाहिरातीने मनात भरवलेली ती ४२ टक्क्यांची बचत नव्हे. सवलत किती महिन्यांची आहे आणि ती संपल्यावर पूर्ण दर किती, हे दोन आकडे लेखी घ्यावेत आणि प्लॅनची तुलना पूर्ण दरावरच करावी. करारात ‘दर बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राहील’ असे वाक्य असेल, तर दर बदलल्यास ग्राहकाला दंडाविना बाहेर पडता येते का, तेही त्याच पानावर शोधावे. आमच्या करारात दर बांधलेला नव्हता, ग्राहक मात्र बांधलेला होता. ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते.

प्लॅनसोबत येणाऱ्या चित्रपटांच्या आणि गाण्यांच्या सदस्यत्वांविषयी फार लिहीत नाही. जे सदस्यत्व आपण एरवी पैसे देऊन घेतलेच असते, त्याची किंमत हिशेबात धरावी, बाकीच्यांची शून्य धरावी. हप्त्यांवर मिळणाऱ्या हँडसेटचेही तसेच: सगळे हप्ते आणि प्लॅनचा वाढीव दर यांची बेरीज करून ती फोनच्या रोख किमतीशी ताडून पाहावी, आणि तो फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमला बंद केलेला आहे का, हे विचारावे.

मला सर्वांत जास्त त्रास झाला तो क्रमांक कोणाच्या नावावर आहेत, या गोष्टीचा. फॅमिली प्लॅन घेताना पाचही क्रमांक माझ्या नावावर आले. त्या वेळी ते सोयीचे वाटले, एक अर्ज, एक बिल, एक सही. पण त्याचा अर्थ असा की कंपनीच्या लेखी ग्राहक मी एकटी आहे आणि बाकीचे चौघे केवळ जोडलेले क्रमांक आहेत. दुसऱ्या वर्षी मुलीचे सिम खराब झाले. तिच्या परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख दोन दिवसांवर होती आणि अर्जाचा ओटीपी त्याच क्रमांकावर येणार होता. ती दुकानात गेली, तेव्हा तिथल्या माणसाने सांगितले की मुख्य ग्राहकाच्या संमतीशिवाय नवे सिम देता येणार नाही. संमतीचा ओटीपी माझ्या फोनवर येईल. मी त्या वेळी विमानात होते. मुलगी चार तास त्या दुकानाबाहेर थांबली. मी उतरून फोन सुरू केला, तोवर ओटीपीची मुदत उलटून गेली होती, दुसरा मागवेपर्यंत दुकान बंद झाले आणि सिम दुसऱ्या दिवशी मिळाले. अर्ज वेळेत गेला, पण दुकानाच्या पायरीवर फाइल मांडीवर घेऊन बसलेली माझी मुलगी मला अजून दिसते. त्या माणसाची चूक नव्हती. कोणीही येऊन दुसऱ्याचे सिम घेऊन जाऊ नये, यासाठीच तो नियम आहे आणि तो असायलाच हवा. चूक ही की आज माणसाचे बँक खाते, शाळा, दवाखाना सगळे ज्या क्रमांकाशी बांधलेले असते, तो क्रमांक सज्ञान माणसाच्या स्वतःच्या नावावर नव्हता.

नंतर चौकशी केल्यावर कळले की काही प्लॅनमध्ये बिल एक ठेवूनही प्रत्येक क्रमांक ज्याच्या त्याच्या नावावर ठेवता येतो आणि काहींमध्ये निदान दुसऱ्या एका व्यक्तीला अधिकृत प्रतिनिधी म्हणून नोंदवता येते. हे सही करण्याआधी विचारले असते तर बरे झाले असते. मुख्य ग्राहक आजारी पडला, दूर गेला किंवा राहिलाच नाही, तर बाकीच्या क्रमांकांचे काय होते, हा प्रश्न दुकानात उभे राहून विचारायला जड जातो. तरीही तो विचारावा, कारण नको त्या वेळी घरातल्या माणसांना कागदपत्रे घेऊन खेटे घालावे लागतात.

बाहेर पडण्याच्या अटीही याच्याशी जोडलेल्या आहेत. पोस्टपेड क्रमांक पोर्ट करायचा तर आधी थकबाकी शून्य करावी लागते आणि कराराच्या मुदतीत सोडला तर दंड भरावा लागतो. फॅमिली प्लॅनमध्ये आणखी एक बारकावा असतो. एकच क्रमांक बाहेर काढला, तर उरलेल्यांचा दर तोच राहतो की खालच्या टप्प्यात जाऊन वाढतो? आमच्याकडे चारपेक्षा कमी क्रमांक झाले, तर सवलतच जाते. मुलगी शिक्षण संपवून दुसऱ्या देशात गेली किंवा स्वतःच्या नोकरीच्या प्लॅनवर गेली, तर हा प्रश्न लगेच उभा राहतो. म्हणून चार वर्षांत घरात काय बदलेल, याचा अंदाज घेऊनच मुदत निवडावी; आता आम्ही एका वर्षापेक्षा मोठा करार करणार नाही.

ग्राहकसेवेबद्दल एवढेच सांगते की फोनवर माणूस मिळायला वेळ लागला, पण मिळाल्यावर बहुतेकदा काम झाले. बिलात दोनदा न मागितलेली सेवा लागली होती. अ‍ॅपमधून तक्रार केली, तक्रारीचा क्रमांक जपून ठेवला आणि पुढच्या बिलात पैसे वळते झाले. पाच क्रमांकांचे एकत्र बिल आले की एकूण रक्कम पाहून भरून टाकण्याची सवय लागते. क्रमांकानुसार तपशील उघडून पाहिला नसता तर ती रक्कम गेलीच असती, आणि ती सेवा लागली होती ती सासूबाईंच्या क्रमांकावरच, कारण आलेल्या संदेशातील कोणते बटण दाबायचे नाही हे त्यांना कोणी समजावले नव्हते. आता त्या क्रमांकावर अशा सशुल्क सेवा बंद करून घेतल्या आहेत. एका अर्जाने हे काम होते.

हे सगळे ताडून आम्ही हाच प्लॅन एका वर्षासाठी पुढे घ्यायचे ठरवले आहे, पण बदल करून. साठा ८० जीबीच ठेवला आहे, कारण गेल्या सहा महिन्यांची सरासरी ६९ जीबी निघाली. मुलीचा आणि सासूबाईंचा क्रमांक त्यांच्या त्यांच्या नावावर करण्याचे अर्ज गेल्या आठवड्यात दिले. सासूबाई स्वतः दुकानात आल्या, खुर्चीवर ताठ बसून त्यांनी फोटो काढून घेतला आणि अर्जावर पूर्ण नावाने सही केली. काल त्यांच्या बटणांच्या फोनवर कंपनीचा संदेश आला की हा क्रमांक आता त्यांच्या नावे नोंदला गेला आहे, आणि त्यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला.